नव्या नजरेची मुदत

टप्.

स्वयंपाकघरातल्या नळाचा एक थेंब रिकाम्या पातेल्यात पडला आणि जयपूरच्या जवाहर नगरातल्या त्या दोन खोल्यांमधली दुपारची शांतता मोडली. गळका नळ नव्या भाडेकरूलाच ऐकू येतो, जुन्याला येत नाही, हे मानवी जीवनातले एक गंभीर सत्य आहे. आपल्या संसदेला ते इतके पटले की तिने त्यावर कायदाच केला. तो नळांना लागू नाही. कंपन्यांना आहे.

वल्लरी कुरुंदवाडकरला तो नळ तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकू आला, आणि तोही त्या दिवशी खाली चुकून पातेले राहिले म्हणून. "अगंबाई, हा गळतोय," ती म्हणाली.

"आई, तो तर रोजच गळतो," मिताली म्हणाली. मिताली म्हणजे तिची मुलगी, वय वर्षे सात, नुकतीच शाळेतून आलेली. "और आई, बूट काटतो," असे ती पुन्हा म्हणाली.

"काटतो नाही गं, चावतो. मराठीत बूट चावतो."

"चावतो," मितालीने मान डोलावली. महाराष्ट्राबाहेर राहून मुलांचे मराठी टिकवायचे म्हणजे असे डोळ्यांत तेल घालून बसावे लागते.

तर कायदा. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की शेअर बाजारात नाव असलेल्या कंपनीचा कारभार तपासणारा ऑडिटर एकटा असेल तर पाच वर्षांनी बदलायचा, फर्म असेल तर दहा वर्षांनी, आणि नंतर पाच वर्षे त्याने ऑडिटर म्हणून त्या कंपनीत पाऊल ठेवायचे नाही. कारण रोज पाहिलेली गोष्ट दिसेनाशी होते. तपासणारा आणि तपासला जाणारा यांची ओळख झाली की चहा होतो, चहाचा स्नेह होतो आणि स्नेहाला चष्मा लागतो. तेव्हा ठरावीक मुदतीनंतर नवी नजर आणावी, असा हा अत्यंत सूज्ञ विचार आहे. (संसदेने तो इतर कोणाला का लावला नाही, हे विचारणे औचित्याला सोडून होईल.)

जयपूरच्याच झोटवाड्यातल्या मरुशीतल कूलर्स लिमिटेड या कंपनीच्या ऑडिटरची दहा वर्षे त्या साली भरली. हे ऑडिटर म्हणजे एक फर्म, आणि फर्म म्हणजे भंडारीजी. वय एकाहत्तर, स्वभाव लोण्यासारखा. दहा वर्षांत त्यांनी कंपनीत दोन हजारांवर कप चहा घेतला, अकरा लग्ने जेवली, दोन जावळांना आशीर्वाद दिला आणि एकदा चेअरमनसाहेबांच्या कुत्र्याच्या आजारपणात विचारपूस केली. शेरा मात्र एकदाही मारला नाही. असा निष्कलंक माणूस जाणार म्हणून कंपनीत हळहळ पसरली. निरोपसमारंभात त्यांना शाल दिली, श्रीफळ दिले आणि कॅशियरला हुंदका आला.

मग कंपनीच्या ऑडिट समितीने नवा ऑडिटर शोधायला घेतला. कायद्याला हवा होता अनोळखी माणूस, आणि जयपुरात अनोळखी माणूस मिळणे सोपे नाही. समितीने एक प्रश्नावली काढली. तिच्यात तीस प्रश्न होते. त्यांतला सहावा असा: "आपण कंपनीच्या कोणत्याही संचालकाच्या घरच्या लग्नात जेवला आहात काय? असल्यास, किती वेळा?" शहरातल्या एकतीस ऑडिटरांनी ती भरून पाठवली. त्यांपैकी सव्वीस जेवले होते. चौघे जेवले नव्हते, पण वाढायला उभे होते. उरलेल्या एकीने लिहिले होते, "जयपुरात येऊन तीन वर्षे झाली. आम्हाला अजून कोणी लग्नाला बोलावलेले नाही."

ती वल्लरी.

ती मूळची मिरजेची. नवरा गंधार विमा कंपनीत अधिकारी, दर तीन-चार वर्षांनी बदली. रायपूरला गेले तेव्हा तिने मिरजेची नोकरी सोडली, जयपूरला आले तेव्हा रायपूरची. इथे तिने स्वतःची पाटी लावली. पाटीच्या आत एक टेबल होते, आणि शाळा सुटेपर्यंतचे चार तास. मोठ्या कंपनीच्या अहवालाखाली तिची सही अजून कधी लागली नव्हती. बारा वर्षांपूर्वी सीए झाल्यावर तिने त्या सहीचा सराव वहीच्या शेवटच्या पानावर केला होता. ते पान तिने तीन घरे बदलताना जपून आणले होते, त्याबद्दल कोणाला सांगितले मात्र नव्हते.

समितीने तिचे उत्तर वाचले. तीन वर्षांत एकही लग्न नाही. एका संचालकाने तर "बेचारी" असे म्हटल्याची नोंद आहे. दुसऱ्याने तिचे आडनाव एका दमात म्हणून पाहिले, ते 'कुरुंद'पाशीच अडकले, आणि ज्याचे नावही तोंडात बसत नाही त्याच्याशी संगनमत होणे शक्य नाही, असे समितीचे एकमत झाले. एकटेपणा हा दुर्गुण समजला जातो, पण कायद्याने त्याची पात्रता केली. वल्लरीची पाच वर्षांसाठी नेमणूक झाली. (नेमणुकीच्या पत्रासोबत चेअरमनसाहेबांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली. ती तिने साभार परत केली. मितालीला घोडीवरचा नवरदेव पाहायचा होता. पण नियम म्हणजे नियम.)

"पाच वर्षं," गंधार म्हणाला. "बापरे. तेवढं तर आपण कुठल्याच गावात टिकलो नाही."

"नवी नजर हवीय त्यांना," वल्लरी म्हणाली. ती आरशासमोर ओढणी सारखी करत होती आणि तिला स्वतःची नजर खरोखरच नवी दिसत होती.

"आई, बूट चावतो," मिताली मागून म्हणाली.

"शाब्बास. आता कसं बरोबर बोललीस."

पहिल्या दिवशी वल्लरी घरचा डबा आणि घरच्याच चहाचा थर्मास घेऊन झोटवाड्याला गेली. फॅक्टरीचे मॅनेजर दिलीपजी यांनी तिच्यासाठी कांद्याची कचोरी मागवली होती. ती तिने नाकारली. दिलीपजींच्या तीस वर्षांच्या सेवेत कचोरीला नाही म्हणणारे माणूस हे पहिलेच. त्यांनी ती कचोरी बराच वेळ हातात धरून ठेवली, जणू तिचाच अपमान झाला होता.

मग यंत्रे मोजायला सुरुवात झाली. कूलरचा पत्रा वाकवण्याची यंत्रे नोंदवहीप्रमाणे अकरा होती. वल्लरीने एकेकाला हात लावून मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाच्या पुढे एक खाट होती. खाटेवर चौकड्यांची गादी, शेजारी एक तिपाई, आणि तिपाईवर स्टीलचा पेला. पलीकडे आठ, नऊ, दहा, अकरा.

"सात कुठाय?" वल्लरीने विचारले.

"यही तो है," दिलीपजींनी खाटेच्या दिशेने आदबीने हात केला.

"ही खाट आहे."

"जी. भंडारीजी यहाँ बैठते थे."

पेल्यावर भंडारीजींचे नाव कोरलेले होते. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की भंडारीजी दर वर्षी सातव्या यंत्राच्या जागी बसून, चहा घेत, सातवे यंत्र जागेवर असल्याची खूण करत. अशा दहा खुणा वल्लरीने स्वतः पाहिल्या. अक्षर सुंदर होते.

"यंत्र कधीपासून नाही?"

"मॅडमजी, है. रजिस्टर में है, दस साल के साइन हैं."

"मग मला दिसत का नाही?"

दिलीपजींच्या चेहऱ्यावर करुणा आली. "आप नई हैं ना," ते म्हणाले. "धीरे धीरे दिखेगा."

इथे कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. कायदा नवी नजर आणून देतो, पण ती किती काळ नवी राहील याची हमी देत नाही. तो प्रश्न कंपनीवर सोपवलेला आहे, आणि मरुशीतलने तो शास्त्रशुद्ध रीतीने हाताळला. दिलीपजींच्या अनुभवानुसार स्थानिक नजर चार दिवसांत जुनी होते. सासुरवाडी जयपुरात असेल तर दोन. बाहेरगावची नजर सात आठवडे टिकू शकते, पण कचोरी न खाणारी असेल तर तिच्याविषयी पूर्वीची आकडेवारी उपलब्ध नाही. सबब घाई न करता केवळ सवय लावण्याचे धोरण ठरले. कोणी लाच दिली नाही, कोणी दबाव आणला नाही. फक्त दर मंगळवारी आणि शुक्रवारी वल्लरी आली की फायली खाटेजवळ ठेवलेल्या असत, कारण बाकी कारखान्यात पत्र्याचा धडधडाट आणि तिथे वारा. पहिल्या आठवड्यात ती उभी राहून काम करी. दुसऱ्यात तिने खाटेच्या कडेला टेकून पाहिले. तिसऱ्यात तिची पर्स गादीवर आली. चौथ्यात फॅक्टरीतली माणसे तिला मॅडमजीवरून दीदीवर घेऊन गेली आणि मितालीची इयत्ता विचारू लागली. जयपुरात तीन वर्षांत तिला कोणी मुलीची इयत्ता विचारली नव्हती.

(याच चौथ्या आठवड्यात मितालीच्या शाळेच्या डायरीत बाईंनी लिहिले, "रांगेत मागे पडते. लक्ष द्यावे." वल्लरीने लक्ष दिले. तिने मितालीला लक्ष देऊन चाल म्हणून सांगितले. "पण आई, बूट...," मिताली म्हणाली. "सगळ्यांनाच असतात बूट," वल्लरी म्हणाली, आणि डायरीवर सही केली. सुरेख सही होती.)

सातव्या यंत्राचा निकाल तिने अजून लावला नव्हता. तो लावणे भागच होते, कारण तिच्या टिपणात तो रकाना रिकामा होता. पण दर खेपेला काहीतरी आड येई. एकदा दिलीपजींनी सांगितले की यंत्र दुरुस्तीला गेले असावे. एकदा म्हणाले, ते भंगारात निघाले असेल, पण तसा कागद सापडत नाही. एकदा तर असेही म्हणाले की यंत्र आहे, पण ते इतर यंत्रांमध्ये विभागून गेले आहे. प्रत्येक खुलासा आधीच्यापेक्षा जास्त प्रेमळ होता. वल्लरीला माहीत होते की शेरा मारला तर पुढची पाच वर्षे हीच माणसे तिच्याशी मोजके बोलतील. आणि नाही मारला, तर वहीच्या मागच्या पानावरची ती सही भंडारीजींच्या सहीखाली अकरावी म्हणून जाऊन बसेल. एवढ्यासाठी तीन गावे फिरलो का, असे तिने भाजी चिरताना स्वतःला विचारले. कोबी काही बोलला नाही.

सकाळची बस पकडताना मिताली आता बुटाची टाच चेपून, चपलेसारखा बूट ओढत जाई. "ही काय बेशिस्त," वल्लरी म्हणे आणि खाली वाकून टाच सरळ करी. गंधारचे मत असे की बूट जुलैत तर घेतलेत, होईल सवय. दिलीपजींची आणि गंधारची कधी भेट झालेली नव्हती.

सातव्या आठवड्यातल्या मंगळवारी वल्लरी फॅक्टरीच्या फाटकावर रिक्षातून उतरत होती. तिने दिलीपजींना फोन केला, "आले मी. स्टोअरची फाइल सातवर ठेवा."

"जी दीदी," दिलीपजी म्हणाले.

ती आत गेली. फाइल खाटेवर होती. दिलीपजी खाटेशेजारी उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"दिख गया ना?" ते म्हणाले.

वल्लरीने फाइल उचलली आणि आठव्या यंत्रापाशी जाऊन उभ्याने वाचायला लागली. अक्षरे काही डोक्यात शिरेनात. कायद्याने तिला पाच वर्षे दिली होती आणि तिने ती सहा आठवडे आणि एका दिवसात संपवली होती. ठरले. येत्या शनिवारी टिपण पुरे करायचे, यंत्र सात आढळले नाही असे लिहायचे, आणि दीदीवरून परत मॅडमवर जायचे.

शनिवारी शाळेला सुट्टी आणि गंधार अजमेरला, म्हणून मिताली सोबत आली. तिने कचोरी खाल्ली. (मुलांविषयी कायद्यात तरतूद नाही.) मग ती सातव्या यंत्रावर आडवी झाली आणि छताकडे बघत पाय हलवत राहिली. वल्लरीने तिपाईवर टिपणाचा कागद पसरला. त्यावर तीन रकाने होते: काय आढळले नाही, प्रथम कधी निदर्शनास आले, व्यवस्थापनाचे म्हणणे.

एवढ्यात फाटकातून भंडारीजी आले. कायद्याने त्यांना पाच वर्षे मनाई होती, पण ती ऑडिटर म्हणून. ते आपला पेला न्यायला आले होते. निरोपाच्या गडबडीत तो राहून गेला होता, आणि घरच्या पेल्यात चहाला ती चव येत नव्हती. दिलीपजींनी धावत जाऊन खुर्ची आणली. भंडारीजींनी हाताने नको म्हटले. त्यांनी पेला उचलला, उपरण्याने पुसला, वल्लरीला नमस्कार केला. खाटेकडे त्यांनी एक मायेची नजर टाकली, आणि ती नजर खाटेच्या टोकाशी, लोंबणाऱ्या दोन पायांपाशी थांबली.

"बिटिया का जूता छोटा हो गया है," ते म्हणाले.

"अं?" वल्लरी म्हणाली.

"अँगूठा देखिए. मुड़ रहा है अंदर."

दहा वर्षांत ज्यांना एक पूर्ण आकाराचे, साडेतीन टन वजनाचे यंत्र नाहीसे झालेले दिसले नाही, त्यांना दहा क्षणांत बुटाच्या आतला अंगठा दिसला. कायदा किती दूरदर्शी आहे याचा यापेक्षा मोठा पुरावा कुणाला हवा असेल तर तो माणूस समाधानी होण्यासारखा नाही. भंडारीजी पेला काखेत मारून गेले. दिलीपजी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले.

वल्लरी खाली, कारखान्याच्या फरशीवर बसली. तिने बुटाची नाडी सोडली. बूट निघेना. तिने टाच धरून ओढला, मग मोजा काढला. अंगठ्याच्या बाजूला एक लाल वर्तुळ होते आणि त्याच्या मध्यावर कातडी जाड झाली होती, रोज तोच घाव सोसून होते तशी. तिने त्यावर हलकेच बोट ठेवले. मितालीने पाय मागे घेतला नाही. तिला सवय झाली होती.

"कधीपासून गं?" वल्लरीने विचारले. यंत्र कधीपासून नाही, असे दिलीपजींना विचारताना होता तोच हा आवाज होता, पण या वेळी उत्तर द्यायच्या बाजूला ती स्वतः होती.

"मी तुला सांगितलं होतं."

"हो. नळ गळत होता त्या दिवशी, ना?"

"नाही आई. तेव्हा तर परत सांगितलं."

वल्लरीने आठवून पाहिले. परत. म्हणजे त्याच्या आधी एकदा. किंवा अनेकदा. पुस्तकाचा आकार, बसचा नंबर, बूट काटतो की चावतो हे सगळे आठवत होते, ती पहिली वेळ मात्र नाही. (ज्या वाचकांनी मनातल्या मनात "नळाच्याच दिवशी" असे उत्तर दिले असेल त्यांनी शरमून जाऊ नये. अगदी सुरुवातीलाच, मितालीच्या पहिल्या तक्रारीपाशी, "पुन्हा" हा शब्द लिहिलेला आहे. आपली नजर त्यावरून घसरली. आपण या मजकुरात येऊन दहा मिनिटेही झाली नाहीत, कायदा तर पाच वर्षे देतो.)

तिने मितालीचा पाय मांडीवर घेतला. एका हातात बूट, दुसऱ्या हातात पेन. आणि कागद तिपाईवरून ओढून तिने पहिल्या रकान्यात एका ओळीत लिहिले की यंत्र क्रमांक सात जागेवर आढळले नाही. फाटकाकडून परत येणारे दिलीपजी ते लांबूनच पाहत होते, आणि त्यांची चाल हळू झाली. वल्लरीने लिहिलेले खोडले नाही. तिने व्यवस्थापनाचे म्हणणे म्हणून "धीरे धीरे दिखेगा" असे जसेच्या तसे उतरवले.

मधला रकाना राहिला.

मिताली एका पायात बूट आणि एक पाय उघडा अशी कागदावर वाकली होती. तिला देवनागरी हिंदीच्या तासामुळे वाचता येत असे, फक्त अक्षर अक्षर लावून. "प्र-थ-म... क-धी... नि-द...," तिने वाचले, आणि लांब शब्द सोडून दिला. "आई, इथे काय लिहायचं असतं?"

"पहिल्यांदा कधी दिसलं ते."

मितालीने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले, मग आईकडे. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. तिला फक्त रकाना भरायला मदत करायची होती.

"मग माझ्यावालं लिही ना आधी. मी तुला पहिल्यांदा कधी सांगितलं होतं, आई?"